खालचा सुळा

भाऊच्या धक्क्यावर, बर्फ फोडतात तिथे,
उपड्या पाटीखाली सापडलं हे पिल्लू.
चांगुणाबाई म्हणाली, "ने रं मास्तर,
तुज्याच धंद्यातला हाय. दात बग याचं."

खालचा जबडा पुढे, वर जरा डावीकडे सरकलेला,
घाईत लावलेला ड्रॉवर जसा.
म्हणून नाव बोंबील.
बोंबलाचंही तोंड पुरतं मिटत नाही कधी.

तीस वर्षं मी कवळ्या केल्या
ग्रँट रोडला, एका दवाखान्याच्या पोटमाळ्यावर.
माणसं वर कधी आली नाहीत,
त्यांचे चावे आले, गुलाबी मेणात उमटलेले,
चिकटपट्टीवर नाव: सौ. दिघे, वरची. लोबो, दोन्ही.
मध्ये निळा कागद धरायचा, टक टक करायचं,
डाग जिथे गडद, तिथे घासायचं.
सगळीकडे सारखा पडला की चहा.

बोंबलाच्याही तोंडात धरला मी निळा कागद.
त्यानं तो गिळला.
दोन दिवस मालिनी मला बोलत होती
आणि मी चपलेच्या टोकानं त्याची शी उलथून बघत होतो.

परळला डॉक्टर तस्नीमनी बॅटरी मारून दाखवलं:
उजवा खालचा सुळा टाळूत रुततोय,
तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा, लाल.
दुधाचे आहेत, म्हणाल्या, पडतात का बघू,
नाहीतर काढावा लागेल.
मी म्हटलं, काढता कशाला, घासून देतो,
हात बसलाय माझा.
"जिवंत दात आहे, काका. आत नस असते."

माहीत होतं.
पण मी ज्यांना हात लावला त्या कुणालाच
नस नव्हती.

आता रोज तीनदा, जेवणानंतर,
अंगठ्यानं सुळा बाहेर रेटायचा. दहा आकडे मोजायचे.
मग रबरी चेंडू द्यायचा, तोंडापेक्षा किंचित मोठा.
तो चेंडू सोडतो, अंगठाच धरतो.
चार टिंबं उमटतात, पाचवं भलतीकडे.
मी ती उजेडात धरतो,
जुनी खोड.

कुत्रं घरात आलं तर मी बोरिवलीला विद्याकडे जाईन,
असं म्हणणारी मालिनी
तांदूळ आणि मूगडाळ भाजते, भरडते, खिमट करते.
विद्या सहा महिन्यांची असताना केलं होतं शेवटचं.
"मीठ नाही, हिंग नाही, काय मेलं लागत असेल,"
असं म्हणत चाखून बघते.
तो खातो त्याच्या दुप्पट सांडतो.
दुखऱ्या गुडघ्यांनी ती खाली बसते, पेपर सरकवते,
मिशांना लागलेलं पदराच्या टोकानं पुसते
आणि मी बघतोय हे कळलं
की उगाच भांडी वाजवते.

रात्री गोदीतली क्रेन वळली की तो कुरकुरतो.
दुखतं की स्वप्न पडतं, कळत नाही.
सौ. दिघ्यांना दुखलं असेल का?
लोबोंनी दोन्ही काढून
पेल्यात ठेवून दिल्या असतील का, कायमच्या?
तक्रार आली तर डॉक्टर खालून ओरडायचे,
"डावीकडे थोडं!"
मी डावीकडे थोडं घासायचो.

काल केर काढताना मालिनीला दाणा मिळाला.
खिमटातला म्हणून फेकणार, तर टोक बोचलं.
गावी असता तर कौलावर भिरकावला असता.
इथे आमच्यावर चौथा मजला,
त्यावर पाण्याची टाकी.
तिनं तो रिकाम्या हिंगाच्या डबीत ठेवला.
डबी का, विचारलं नाही मी.

नव्याचं टोक दिसतंय. पांढरं, साबुदाण्याएवढं.
बाहेर जाईल की पुन्हा टाळूकडे,
आताच सांगता येणार नाही, म्हणाल्या तस्नीम.
पंधरा दिवसांनी या.

"जुळलं का?" मालिनी सकाळी विचारते,
दूध तापवताना, मागे न बघता.
नाही अजून.
निळा कागद मी कपाटावर ठेवलाय, त्याला पोचणार नाही असा.
तो चेंडूला टेकून झोपलाय,
जिभेचं टोक फटीतून बाहेर,
आणि खाली लादीवर रुपयाएवढी ओल.